चकतीची लाल बाजू

बेबीला पृथ्वीच्या तळाशी, बर्फावर एकटीला सोडून सगळे जण जहाजावर जेवायला बसले.

असं काहीही घडलेलं नाही. मोहिमेचा प्रमुख म्हणतो घडलेलं नाही, बेबीचा दादा म्हणतो घडलेलं नाही, वहिनी म्हणते घडलं असतं तर मला कळलं नसतं का, आणि जिन्याजवळच्या फळ्यावरच्या चकत्याही तेच म्हणतात. इतकी माणसं आणि एक अख्खा फळा एका बाजूला असताना गोष्ट सांगणाऱ्याने आगाऊपणा करू नये. तेव्हा बेबी पूर्ण वेळ जहाजावरच होती असं धरून आपण पुढे जाऊ. जहाजावर असताना ती बर्फावर काय करत होती, तेवढंच काय ते सांगायचं राहिलं आहे.

बेबी ही चाळिशी उलटलेली बाई आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरात अजून कोणाच्या ते लक्षात आलेलं नाही. दादाचा दातांचा दवाखाना आहे. पुढच्या खोलीत दादा, मधल्या खोलीत टेबलामागे वहिनी, आणि सगळ्यात मागे, बाथरूमपेक्षा जेमतेम मोठ्या खोलीत बेबी. तिथे ती कवळ्या बनवते. प्लास्टरचे जबडे, मेणाच्या वड्या, गुलाबी हिरड्यांची पावडर, घासायचं चाक आणि दाढांची पाकिटं, असा तिचा संसार. कवळी तयार झाली की ती पुढे जाते. पेशंट ती तोंडात बसवतो, आरशात हसून बघतो आणि दादाला म्हणतो, "डॉक्टर, तुमच्या हातात जादू आहे." दादा आपल्या हातांकडे बघतो, आणि त्याला ते पटतं.

पेशंटच्या बाकावरच्या एका फाटक्या मासिकात बेबीला कधीतरी पेंग्विनच्या उघड्या तोंडाचा फोटो सापडला होता. तोंडात दात एकही नाही. पण जिभेवर आणि टाळूवर मऊ काट्यांच्या रांगाच रांगा, सगळे घशाकडे वळलेले. आत गेलेला मासा परत फिरू नये, ही त्यामागची सोय. बेबीने तो फोटो कापून चाकाच्या वर चिकटवला. दादाच्या सगळ्या धंद्याला फाट्यावर मारून एक प्राणी दोन्ही वेळ सुखाने जेवतो, या विचाराने तिला फार बरं वाटायचं. हे तोंड एकदा आपल्या डोळ्यांनी जवळून बघायचं, असं तिने ठरवलं. थोड्या प्रवाशांचं लहान जहाज शोधलं. एकटीला मावेल अशी केबिन धरली. मग जेवताना घरात सांगितलं, हीच तिची चूक झाली.

"एकटी?" दादा म्हणाला.

"एकटी."

"तिकडे थंडी असते."

"म्हणूनच तिकडे बर्फ आहे, दादा."

"अगं, तुला साधी बसची खिडकी उघडता येत नाही."

"ती खिडकी खिळे मारून बंद केलेली होती. तुलाही उघडली नव्हती."

"मी म्हणून निदान प्रयत्न तरी केला," दादा म्हणाला, आणि विषय मिटला. त्याच्या बाजूने विषय असेच मिटतात.

वहिनीने ताटातली भाजी बाजूला सारली. "वन्सं, आम्ही सोबत आलो तर तुमचंच ओझं हलकं होईल हो."

ओझं किती हलकं झालं ते जहाजावर पाय ठेवताच कळलं. एकटीची केबिन जाऊन तिघांची आली होती. खालचे दोन पलंग दादा-वहिनीचे, आणि भिंतीतून फळीसारखा खाली ओढायचा तिसरा बेबीचा. त्यावर झोपलं की नाक छताला लागायचं. कूस बदलायची तर आधी शिडीने खाली उतरून परत चढावं लागे. दादा खालून म्हणाला, "मस्त आहे की तुझी जागा. आम्हाला वर कुठे जमणार?"

जेवणाच्या खोलीत वाढपी बेबीला विचारायचा, "तुम्हाला काय आणू?" आणि दादा सांगायचा, "तिघांना तेच." काय तेच, हे वाढप्याला कधी कळलं नाही. तो अंदाजाने आणायचा आणि दादा म्हणायचा, "बघ, तुला हेच आवडतं."

पहिल्या दिवशी प्रमुखाने नियम सांगितले. प्रमुख म्हणजे दाढीवाला, तुकतुकीत, सदा प्रसन्न माणूस. वाईट बातमीसुद्धा तो वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखी द्यायचा. बर्फावर बसायचं नाही. ओरडायचं नाही. पक्ष्यापासून पाच मीटर लांब राहायचं. तो आपणहून जवळ आला तर हलायचं नाही. "आणि वाट त्याची असते," प्रमुख म्हणाला. "तो वाटेत उभा राहिला तर तुम्हीही उभे राहा. वळसा घालायचा नाही. तो निघेपर्यंत थांबायचं. त्याला घाई नसते, तुम्हीही करू नका."

दादाने हात वर केला. "माझ्या बहिणीला जमेल का हे?"

"ताई?" प्रमुखाने विचारलं.

"जमेल तिला," दादाने उत्तर दिलं.

शेवटचा नियम चकतीचा. बूट धुवायच्या खोलीतून बाहेर पडताना जिन्याजवळ एक फळा होता. त्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला प्रवाशाच्या नंबराची गोल चकती, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल. जहाजावरून उतरताना लाल बाजू वर करायची, परत आलं की पांढरी. एकही चकती लाल असेपर्यंत जहाज हलत नाही. "आपली चकती आपणच उलटवायची," प्रमुख हसत म्हणाला. "नवरा-बायको, भाऊ-बहीण, कोणी कोणाच्या चकतीला हात लावायचा नाही."

दादाने मान डोलावली. दादा सगळ्याच नियमांना मान डोलावतो. ते इतरांसाठी चांगले असतात, असं त्याचं मत आहे.

पहिल्या फेरीला त्याने तिन्ही चकत्या स्वतः उलटवल्या.

"माझी मी उलटवणार होते," बेबी म्हणाली.

"अगं, झालं की आता."

दुसऱ्या फेरीला ती धावत आधी गेली आणि अडतीस नंबरची आपली चकती तिने लाल केली. मागून दादा आला. त्याने ती पाहिली, पांढरी केली आणि पुन्हा लाल केली. "आता नीट झाली," तो म्हणाला. बेबीने काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीने त्यात आल्याची गोळी टाकली, बोट लागू नये म्हणून.

तर तो दिवस. रबरी बोटीतून सगळे किनाऱ्यावर उतरले. सगळ्यांच्या अंगात जहाजाने दिलेली एकसारखी लाल जाकिटं. पेंग्विनांच्या वस्तीचा वास असा, की वहिनीने नाक धरलं ते जेवणापर्यंत सोडलं नाही. जिकडे तिकडे कलकलाट, भांडणं, दगडांची चोरी, चोरी पकडल्यावर पुन्हा भांडणं. चालायची वाट झेंडे रोवून आखलेली होती. दादाने प्रत्येक झेंड्याजवळ स्वतःचा फोटो काढला. पेंग्विन फोटोत येऊ नये म्हणून तो पाच मीटरचा नियम मनापासून पाळत होता.

परत फिरताना वाट एका मोठ्या खडकाला वळसा घालून खाली उतरत होती. दादा आणि वहिनी पुढे, बेबी मागे. खडकापाशी एक पेंग्विन डुलत डुलत आला आणि नेमका वाटेत, बेबीसमोर उभा राहिला. बेबी थांबली.

दादाने वळून पाहिलं. "चल गं."

"हा उभा आहे."

"मग वळसा घाल."

"वळसा घालायचा नाही, असं सांगितलंय."

"अगं, सांगतात ते. सूप गार होईल."

"तुम्ही व्हा पुढे."

"बरं, ये मागून," दादा म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा. दादाच्या लक्षात नाही.

पेंग्विन झोपला. उभ्या उभ्या, चोच छातीत खुपसून. बेबी समोर उभी राहिली. तिच्यामागे आता कोणी नव्हतं, आणि खडकामुळे खालच्या वाटेवरून ती कोणाला दिसत नव्हती. खाली बोटींचा घरघराट झाला, लांब गेला. तिला वाटलं, माझी चकती लाल आहे, येतील परत. बारीक बर्फ पडू लागला. ओरडायला मनाई होती. बसायला मनाई होती. आयुष्यभर तिला ज्या ज्या गोष्टींची मनाई होती त्या सगळ्या तिने आठवून पाहिल्या. त्यातली एकही इतकी सुंदर जागी नव्हती.

मग खाडीतून साखळीचा आवाज आला. जहाज नांगर उचलत होतं.

भीती वाटायला हवी होती. पण बेबीच्या पोटातून वर आला तो संताप. कारण तिला एका क्षणात सगळं दिसलं. दादा बूट धुतोय. दादा फळ्यापाशी येतोय. एक, दोन, तीन. मान वर न करता, पंख्याची बटणं बंद करावीत तशा त्याने चकत्या उलटवल्या आहेत आणि तो वाढप्याला म्हणतोय, तिघांना तेच.

साखळीने पेंग्विन जागा झाला. त्याने बेबीकडे एका डोळ्याने पाहिलं, मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने खात्री करून घेतली, आणि तो चालत तिच्याकडे आला. पाच मीटर, तीन, एक. बेबी हलली नाही. त्याने तिच्या बुटाला चोच मारून पाहिली, मान आकाशाकडे केली आणि तोंड उघडून आरोळी ठोकली.

ती खाली वाकली. सगळं तिथे होतं. जिभेवरची रांग, टाळूवरची रांग, फिकट गुलाबी, ओले, एकेक काटा मागे वळलेला. कोणी ओतलेले नाहीत, घासलेले नाहीत, मागच्या खोलीतून पुढे पाठवलेले नाहीत. फोटोत जिभेच्या मुळाशी अंधार होता. इथे तिथपर्यंत दिसत होतं. बेबी बघत राहिली. तो ओरडत राहिला. दोघांचाही आपापल्या परीने कोणावर तरी राग होता.

राहिलेले झेंडे गोळा करायला जहाजावरून एक नावाडी परत आला तेव्हा पेंग्विन निघून गेला होता. नावाड्याने बेबीला पाहिलं आणि काखेतले झेंडे खाली टाकले.

"तुम्ही कोण?"

"अडतीस."

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "इथे एक बाई आहेत."

"नाहीत," आतून प्रमुखाचा प्रसन्न आवाज आला. "सगळे वर आहेत. फळा पूर्ण पांढरा आहे."

"लाल जाकीट दिसतंय मला."

"कोणाचं तरी राहिलं असेल. येताना घेऊन ये."

अशा रीतीने झेंड्यांच्या शेजारी, राहिलेलं जाकीट म्हणून बेबी जहाजावर आली. सामानाच्या दाराने.

जेवणाच्या खोलीत दादा दुसऱ्यांदा वाढून घेत होता. वहिनीपुढे सुपाचे दोन वाडगे होते, दोन्ही रिकामे.

"कुठे होतीस?" दादा म्हणाला.

"बर्फावर."

"ते मघाशी गं. आत्ता कुठे होतीस?"

"आत्ताही बर्फावर. माझी चकती कोणी उलटवली?"

"कोणी का उलटवेना, उलटली ना?"

"दादा, मी तिथे होते."

"तिथे असतीस तर चकती लाल नसती का?" दादाने शांतपणे विचारलं, आणि पाव तोडला.

वहिनीने वाडगे एकात एक घातले. "आम्हाला वाटलं तुम्ही बाथरूममध्ये आहात. तुमचं सूप मी प्यायले हो. वाया जायला नको."

"बाथरूममध्ये बघितलंत?"

"आत माणूस असताना कसं बघणार?"

बेबी प्रमुखाकडे गेली. तो तिला हाताला धरून फळ्यापाशी घेऊन गेला आणि त्याने एखादं सुंदर चित्र दाखवावं तसा फळा दाखवला. "ताई, आमच्या जहाजाच्या इतिहासात आजपर्यंत कोणीही मागे राहिलेलं नाही."

"आज राहिलं."

"आजचा दिवस इतिहासात गेलेला नाही अजून," तो म्हणाला. "आणि जाईल तेव्हा पांढराच जाईल."

"नावाड्याला विचारा."

नावाडी समोरच झेंडे पुसत होता. त्याने प्रमुखाकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं. "जाकीट होतं," तो म्हणाला. "भरलेलं होतं, एवढं नक्की."

संध्याकाळी जहाज खाडीच्या तोंडाशी थांबलं होतं. रोजची सभा संपली की ते पुढे निघणार होतं. सभेत दिवसभराचे फोटो दाखवत. एका लांब भिंगवाल्या काकांनी डेकवरून बरेच फोटो काढले होते. पडद्यावर देवमासा आला, सील आला, मग खडक आला. खडकाजवळ एक लाल जाकीट पेंग्विनच्या तोंडात डोकं घालायच्या बेतात वाकलेलं होतं.

"हे मात्र फार गंभीर आहे," प्रमुख हसतमुखाने म्हणाला. "पाच मीटर कुठे, आणि हे कुठे. कोण आहे हे?"

बेबी उभी राहिली. "मी."

"ताई, फोटोवरची वेळ बघा. तेव्हा तुम्ही जहाजावर होता."

"मग हे कोण आहे?"

प्रमुखाने सहकाऱ्यांशी कुजबुज केली. "कोणीही नाही," त्याने जाहीर केलं. "त्या वेळी किनाऱ्यावर कोणीही नव्हतं. पण जे कोणी नव्हतं, त्याने नियम मोडला आहे, आणि हे आम्ही खपवून घेणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानेही वाजवल्या.

बेबी त्याच्याकडे वळली. तिला माफी नको होती, भरपाई नको होती. तिला दादाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, तेही लहानसं. "दादा, यांना सांग. चकती तू उलटवलीस. मी आले की नाही ते न बघता."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने आपल्या हातांकडे पाहिलं, जादू असलेल्या. मग तो प्रमुखाला म्हणाला, "दमली आहे ती. बस गं, बेबी."

बेबी बसली नाही. ती बाहेर पडली, जिना उतरली, फळ्यापाशी गेली आणि तिने अडतीस नंबरची चकती लाल केली. मग तिच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली.

लाल चकती असेपर्यंत जहाज हलत नाही. थोड्या वेळाने इंजिनाची सुरू झालेली घरघर थांबली. प्रमुख आला, मागोमाग सभा आली.

"ताई, तुम्ही तर इथे उभ्या आहात."

"फळा बघा," बेबी म्हणाली. "मी बर्फावर आहे."

"पण मला दिसताय तुम्ही."

"मघाशी तुम्हाला माणूस दिसत नव्हतं तेव्हा फळा खरा होता. आता माणूस दिसतंय तर फळा खोटा? एक काय ते ठरवा, मी थांबते. मला सवय झाली आहे."

प्रमुखाच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता पहिल्यांदाच जरा सैल झाली. नियम त्याचा होता. चकती लाल असली की शोधायला बोट सोडावीच लागते. शेवटी दोन माणसं रबरी बोट घेऊन बेबीला शोधायला गेली. बेबीने जिन्यावरच्या गोल खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. ती माणसं खडकामागे बघून आली आणि बेबी तिथे नसल्याचं त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं.

"पुरे झालं," दादा म्हणाला, आणि त्याने चकतीकडे हात नेला.

बेबीने त्याचं मनगट धरलं. घासायच्या चाकावर वर्षानुवर्षं काम केलेला हात तो. दादाचा हात तिथेच राहिला.

"हात लावू नकोस."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. कोणीतरी बघायला पाहिजे."

दादा तिच्या कानाशी आला. आवाज खाली, फक्त तिला ऐकू जाईल एवढा. "मला वाटलं तू मागेच आहेस."

"मागेच होते. तू वळून बघितलं नाहीस."

"मी कधी बघतो का?" त्याला खरंच कळत नव्हतं. "तू असतेसच ना."

ऐकायला ते प्रेमासारखं होतं. बेबीच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्या पाण्यासकट तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "हे मोठ्याने बोल," ती म्हणाली.

दादा सरळ झाला. सगळ्यांकडे बघून हसला. "काही नाही हो, घरगुती आहे," तो म्हणाला.

सकाळी फळ्यावर अडतीस नंबरचा खिळाच नव्हता. प्रमुखाने तो उपटून घेतला होता. खिळा नाही तर चकती नाही, चकती नाही तर लाल होण्याचा प्रश्न नाही. अर्थात, चकती नाही तर किनाऱ्यावर उतरताही येत नाही. उरलेल्या सगळ्या फेऱ्यांना बेबी डेकवर उभी राहिली. दादा जाऊन यायचा आणि काय काय दिसलं ते तिला सांगायचा. तिला काय दिसलं, हेही तोच सांगायचा.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना अभिप्रायाचा कागद दिला. दादाने वहिनीचा भरला, स्वतःचा भरला आणि बेबीच्या कागदाला हात घातला. बेबी तो आधीच घेऊन वरच्या फळीवर गेली होती. छताला नाक लावून, उताणी पडल्या पडल्या तिने 'इतर सूचना' या जागेत लिहिलं:

"महोदय, विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आपण पडद्यावर दाखविलेल्या छायाचित्रातील 'कोणीही नाही' ही व्यक्ती अर्जदार स्वतः आहे. तरी पाच मीटरच्या नियमाचा भंग केल्याबद्दल अर्जदारास रीतसर दोषी ठरवून सदर किनाऱ्यावर येण्यास आजन्म बंदी घालावी, आणि बंदीच्या आदेशात अर्जदार त्या वेळी त्या जागी हजर असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा. साक्षीसाठी संबंधित पेंग्विनास जहाजावर बोलावणे शक्य नसल्यास जहाज परत तिकडे न्यावे. तो वाटेत उभा असल्यास तो निघेपर्यंत सर्वांनी थांबावे, जेवणाची घाई करू नये. अर्जदाराच्या वाट्याचे सूप अर्जदारास, गरम, परत मिळावे. या अर्जाच्या निर्णयाबाबत अर्जदाराच्या भावाशी चर्चा करू नये. त्याची सही, संमती, हजेरी अथवा मान डोलावणे अर्जदाराच्या वतीने ग्राह्य धरण्यात येऊ नये. कळावे. आपली नम्र, चकती क्रमांक अडतीस, लाल बाजू."